लकडी दाखवल्याशिवाय गाडी नाही

मित्रांनो, भानुदासकाकांनी एका पत्राला उत्तर दिले नाही, तिथूनच मला सुरुवात करावी लागेल. ते पत्र पावसाळा सरता सरता आले आणि कडाक्याची थंडी पडली तरी माझ्या अंगाखालीच होते. अंगाखाली म्हणजे अगदी खरोखरीचे. चंदीगडजवळच्या खरड गावात एका फ्लॅटमध्ये पुस्तकांच्या फळीवर मला टोकाला टेकवून ठेवले होते, पुस्तके कलंडू नयेत म्हणून. आणि काकांनी ते पत्र घडी करून माझ्याखाली सरकवले होते.

मी एक जुनी लाकडी पाचर आहे. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळती. बस उभी असताना चाक सरकू नये म्हणून चाकाला जी टेकवतात, ती मी. माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे की नाही, याची मला स्वतःलाच खात्री नाही. ज्यांच्या आयुष्यात मोठमोठ्या घटना घडल्या, त्यांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. माझ्या आयुष्यात फारसे काही घडले नाही. पण काही घडू न देणे हेच माझे काम होते, म्हणून धीर करून सांगते.

मी मूळची कीकराच्या झाडाची. तुम्ही त्याला बाभूळ म्हणता. पंजाबातल्या रोपडच्या बाजूला एका कालव्याकाठी ते झाड उभे होते. एका उन्हाळ्यात धुळीचे वादळ आले आणि ते मुळासकट आडवे झाले. त्याचा एक ओंडका फिरत फिरत चंदीगडच्या एका बस डेपोत आला. तिथल्या सुतारमिस्त्रीने त्यातून दोन पाचरी काढल्या. एक मी आणि दुसरी माझी जोडीदारीण. आम्हाला करवतीने कापले, रंध्याने तासले, निमुळत्या कडेला लोखंडी पट्टी ठोकली. मग पिवळा रंग दिला आणि उचलायला सोपे जावे म्हणून दोरीचा फास बांधला. त्या दिवशी मी फार नवी आणि फार गर्विष्ठ होते. पहिल्यांदा भरलेल्या बसचे चाक माझ्यावर रेलले तेव्हा सगळा गर्व उतरला. उरले ते एवढेच ठाऊक असणे, की मी हलायचे नाही.

डेपोत आम्हाला पाचर कुणीच म्हणत नसे. तिथे सगळे पंजाबी आणि हिंदी बोलणारे. ते आम्हाला नुसते ‘लकडी’ म्हणत. सुरुवातीला आमचा मान असा नव्हताच. ज्याला वाटेल तो आम्हाला लावी, ज्याला घाई असेल तो लावत नसे. कधी आमच्यावर बसून कुणी बिडी ओढी, तर कधी हापशाखाली बादली टेकवायला आम्हाला नेत. मग भानुदासकाका आले.

भानुदासकाका सांगली जिल्ह्यातल्या तासगावचे. सारे तरुणपण हवाई दलात विमानांच्या देखभालीत गेले. शेवटची नेमणूक चंदीगडला झाली आणि निवृत्त झाल्यावर ते इथेच राहिले. आमच्या डेपोत सुरक्षा निरीक्षक म्हणून त्यांना घेतले, पण निरीक्षकाचा रुबाब त्यांच्या अंगात नव्हता. बोलताना ते समोरच्याच्या बुटांकडे बघत. खिशात कायम एखादे पुस्तक असे. चालक त्यांना हवाई दलातल्या वॉरंट ऑफिसरच्या हुद्द्यावरून ‘वारंट साब’ म्हणत आणि मागून त्यांच्या चालण्याची नक्कल करत.

या लाजऱ्या माणसाने डेपोत एकच नवी गोष्ट आणली. विमानाच्या चाकांनाही आमच्यासारख्या पाचरी लावतात. त्या काढल्या की जमिनीवरचा माणूस त्या हातात उंच धरून वैमानिकाला दाखवतो. वैमानिक मान हलवतो, तेव्हा विमान पुढे सरकते. काकांनी तीच रीत बसला लावली. कारागीर गाडीखाली काम करायला शिरला की चाकाला लकडी लागलीच पाहिजे. काम झाल्यावर त्याने स्वतः बाहेर यावे, लकडी काढावी, चालकाच्या खिडकीसमोर उभे राहून ती डोक्यावर धरून दाखवावी. चालकाने हात वर करावा आणि मगच गाडीला चावी द्यावी. लकडी दाखवल्याशिवाय गाडी नाही.

पहिले काही महिने नुसती थट्टा चालली. चालक खिडकीतून ओरडत, “दर्शन कराओ जी, दर्शन!” आणि मला बघून हात जोडत. एकाने तर माझ्यापुढे उदबत्ती लावली होती. काका लाल होत, पण रीत सोडत नसत. कुणी विसरले तर रागावत नसत, स्वतः वाकून मला उचलत आणि खिडकीसमोर उंच धरत. आपल्यापेक्षा वयाने मोठा माणूस असे उभा राहिला की चालकाला हात वर करावाच लागे.

थट्टेची सवय झाली आणि सवयीची रीत झाली. धुक्याच्या सकाळी पीजीआय रुग्णालयाकडे जाणारी पहिली बस निघताना मी वर उचलली जाई. जूनच्या लूमध्ये, त्या भाजणाऱ्या वाऱ्यात, पत्रे तापलेले असताना मी वर उचलली जाई. मला सर्वांत जास्त वेळा उचलणारे हात नछत्तरसिंग यांचे होते. ब्रेकच्या कामाचे ते जुने कारागीर. डोक्याला निळा पटका, दाढी जाळीत बांधलेली, आवाज असा की इंजिन चालू असले तरी ऐकू यावा, निदान त्यांचा तसा समज होता. ते गाडीखाली शिरताना मला हाताने थोपटत आणि म्हणत, “बैठ जा, बहन.”

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

भानुदासकाका निवृत्त झाले तेव्हा त्यांना भेट काय द्यावी यावर बरीच चर्चा झाली. कुणी भिंतीवरचे घड्याळ म्हणाले, कुणी शाल. नछत्तरसिंग म्हणाले, की वारंट साबना लकडी द्या. सगळे हसले आणि मग सगळ्यांना ते पटले. दोघींमधली मी निवडली गेले. माझा डाग पडलेला रंग खरवडून मला नवा पिवळा रंग दिला, वरून पॉलिश केले. टाळ्यांच्या गजरात मी काकांच्या हातात गेले. काकांना भाषण करायचे होते. ते दोन वाक्ये बोलले आणि खाली बसले. मला हातातून मात्र त्यांनी सोडले नाही.

असा माझा सत्कार झाला आणि असे माझे काम सुटले. जोडीदारीण डेपोत चाकाखाली राहिली, मी फळीवर आले. काकांच्या पत्नी ज्योतीकाकू रोज सकाळी माझ्यावरून फडके फिरवत. पुस्तकांचा भार तो काय? बसच्या चाकापुढे तो फुंकर मारल्यासारखा. पॉलिशमुळे आरशासारखी चमकत होते आणि मनातून झिजत होते.

आता त्या पत्राबद्दल सांगते.

काका निवृत्त झाल्यावर डेपोत एक नवी व्यवस्था आली. प्रत्येक बसमध्ये एक यंत्र बसवले. गाडीचा वेग, जोराने दाबलेला ब्रेक, कामगाराने गाडी हातात घेतल्यापासून ती फाटकाबाहेर पडेपर्यंत गेलेला वेळ, सगळे ते यंत्र टिपते. वाहतूक कक्षात मोठा पडदा लावला आहे. त्यावर सर्वांची नावे दिसतात. वेळेत काम करणाऱ्याचे नाव हिरवे, उशीर करणाऱ्याचे लाल. त्या यंत्राला मी वाईट म्हणणार नाही. त्याच्या धाकाने भरधाव हाकणारे चालक सावध झाले, हे खरे आहे. पण लकडी काढून, खिडकीपुढे जाऊन, हात वर होण्याची वाट बघण्यात जो वेळ जातो, तो पडद्यावर उशीर म्हणूनच उमटतो. हळूहळू कारागिरांनी लकडी दाखवणे सोडले. मग काहींनी ती लावणेही सोडले. नछत्तरसिंग मात्र दाखवतच राहिले आणि पडद्यावर त्यांचे नाव लाल होत राहिले.

पत्र ओजस्विनीचे होते. मराठी लष्करी अधिकाऱ्याची मुलगी, इंजिनिअर झालेली, काकांच्या जागी नव्याने आलेली. काका फोन घेत नाहीत असे कळले म्हणून तिने हाताने, मराठीत लिहिले होते. काकांनी ते ज्योतीकाकूंना वाचून दाखवले, म्हणून मलाही ठाऊक झाले. तिने लिहिले होते, की लकडी दाखवायची पद्धत कुठल्याही नियमांच्या पुस्तकात नाही आणि आता ती बंद करायचा प्रस्ताव आहे. नछत्तरसिंगांना ताकीद मिळाली आहे. त्यांचे नाव असेच लाल राहिले तर त्यांना ब्रेकच्या कामावरून काढून गाड्या धुण्यावर पाठवतील. शेवटी असे होते:

“ही पद्धत बंद होऊ नये असं मला मनापासून वाटतं, पण का ते मला सांगता येत नाही. माझ्याकडे आकडे उशिराचे आहेत. तुम्ही ती सुरू केलीत, तर कारण तुम्हीच सांगू शकाल. नव्या वर्षात बैठक आहे. दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.”

काका लिहायला बसले. ‘चि. ओजस्विनी’ एवढे लिहिले आणि थांबले. मग कागद बदलून ‘महोदया’ लिहिले आणि पुन्हा थांबले. असे पुष्कळ कागद झाले. ज्योतीकाकूंनी विचारले, तेव्हा ते पुटपुटले, की माझ्याकडे कारण कुठे आहे? मला शिकवलं होतं तसं मी करत गेलो. इतक्या वर्षांत तिथे कुणाला इजा झाली नाही, हे खरे. पण ती लकडीमुळे झाली नाही की नुसत्या नशिबाने, हे मी कसे सिद्ध करू? मी कोण मोठा तज्ज्ञ लागून गेलो?

“अहो, ती पोरगी वाट बघत असेल,” काकू म्हणाल्या.

“काय लिहू पण? तिथे काही झालंच नाही.”

“मग तेच लिहा की. काही झालं नाही म्हणून.”

काकांना ते थट्टेचे वाटले. त्यांनी पत्राची घडी घातली आणि ती माझ्याखाली सरकवली. काकूंनी पुन्हा दोनदा आठवण केली, मग त्यांनीही सोडून दिले. पुढे फडके फिरवताना त्या मला वगळू लागल्या, कारण मला उचलले की पत्र दिसे आणि पत्र दिसले की काकांचा चेहरा उतरे. माझ्या पाठीवर धूळ साठू लागली. ज्या रीतीत मी जन्म काढला ती मोडायला निघाली होती आणि तिचा जाब विचारणारा कागद मीच दाबून बसले होते. मित्रांनो, लाकडाला बोलता येत नाही याचे मला तेव्हा जितके वाईट वाटले तितके कधीच वाटले नव्हते.

लोहडीच्या, म्हणजे संक्रांतीआधी येणाऱ्या पंजाबी सणाच्या, आदल्या दिवशी दुपारी नछत्तरसिंग घरी आले. हातात शेंगदाणे, रेवड्या आणि गूळ यांची पिशवी. काकांनी त्यांना खुर्ची दिली, पण ते आधी फळीपाशी आले, माझ्यावरची धूळ तळहाताने पुसली आणि म्हणाले, “बहन तो यहां अफसर बन गई है.”

मग बसून त्यांनी शांतपणे सांगितले, की त्यांचे नाव पुन्हा लाल झाले आहे आणि बैठक झाली की त्यांना धुण्यावर पाठवतील. तक्रार नाही. पाइप हातात धरून गाडी धुण्यात काय कमीपणा? फक्त वारंट साबना दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा आपण स्वतः सांगावे, म्हणून आलो.

काकांनी त्यांच्या बुटांकडे बघत विचारले, की या वेळी एवढा उशीर कशाने झाला?  नछत्तरसिंगांनी दाराकडे पाहिले, काकूंकडे पाहिले, आणि मग आवाज खाली आणून बोलू लागले.

ब्रेकच्या हवेची एक नळी गळत होती. ते मागच्या चाकांशी, पोते अंथरून गाडीखाली पडलेले होते. चाकाला लकडी होती, माझी जोडीदारीण; पण चालकाने गिअर टाकला, तर इंजिनाच्या जोरापुढे आमचे काही चालत नाही. त्या गाडीवर नवा चालक होता, कंत्राटावर आलेला. गाडीची वेळ होऊन गेली होती आणि वाहतूक कक्षातून त्याच्या नावाचा पुकारा चालला होता. तो धावत आला, चढला आणि त्याने इंजिन चालू केले. नछत्तरसिंगांनी खालून हाक मारली, पण इंजिनाच्या आवाजात त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाही ऐकू आला नाही. कपड्यांत नळी अडकलेली, झटकन सरकताही येईना. चालकाचा हात गिअरवर गेला. आणि मग त्याने खिडकीतून बाहेर पाहिले. लकडी दाखवायला कुणी उभे नव्हते. त्याने हॉर्न वाजवला, शिवी घातली, “कित्थे मर गए सारे? लकडी दिखाओ!” असा ओरडला. पण गाडी त्याने हलवली नाही. इथे लकडी दाखवल्याशिवाय निघायचे नाही, एवढेच त्याला कुणीतरी पहिल्या दिवशी सांगितले होते.

नछत्तरसिंग सरपटत बाहेर आले, त्यांनी लकडी काढली आणि खिडकीसमोर जाऊन डोक्यावर धरली. ग्रीसने भरलेला, पटका सुटलेला माणूस गाडीखालून निघालेला बघून चालकाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने हात वर केला. 

“बस, वही टाइम लगा जी,” नछत्तरसिंग म्हणाले. “वही लाल आया.”

काकांनी विचारले, हे तुम्ही कुणाला सांगितले नाही?

“क्या लिखवाता? कुछ हुआ ही नहीं. और लिखवाता तो नौकरी उसकी जाती, कि आदमी नीचे था और गाड़ी स्टार्ट कर दी. रुका भी तो वही था न, वारंट साब? बच्चोंवाला आदमी है. आप भी मत लिखना.”

 ज्योतीकाकू चहाचे कप घेऊन तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी कप खाली ठेवले आणि काकांना हळूच म्हणाल्या, “बघा. काही झालं नाही म्हणजे काय, ते.”

नछत्तरसिंग गेल्यावर काका फळीपाशी आले. त्यांनी मला उचलले. पुस्तके एकामागून एक कलंडली, त्यांतले एक खाली पडले, तरी ते त्यांनी उचलले नाही. पत्र उघडून त्यांनी उभ्यानेच पुन्हा वाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात खुर्ची घेऊन ते बसले आणि एका बैठकीत उत्तर लिहून झाले. मग त्यांनी ते काकूंना वाचून दाखवले.

“चि. ओजस्विनी, उत्तराला उशीर केला, क्षमा कर. माझ्याकडे कारण नाही असं मला वाटत होतं. तुमच्या पडद्यावर जे लाल दिसतं, त्यातल्या एका वेळी गाडीखाली जिवंत माणूस होता. चालक लकडीची वाट बघत थांबला, म्हणून तो माणूस चालत घरी गेला. माणूस कोण, चालक कोण, हे मला विचारू नकोस आणि तिथेही कुणाला विचारू देऊ नकोस. नाव विचारलंत, तर पुढच्या वेळी कुणी सांगणार नाही, आणि तुम्हाला उशीर तेवढा दिसत राहील. जे झालं नाही ते मोजायचं यंत्र माझ्या माहितीत नाही. तोवर लकडी दाखवत राहावी, असं मला वाटतं. माझं चुकत असेल, तर सांग. तुझा, भानुदास.”

“‘चुकत असेल’ हे कशाला?” काकूंनी विचारले.

“असू दे,” काका म्हणाले. “तेवढं असू दे.”

पण पाकिटाला डिंक लावायच्या वेळी त्यांचा हात पुन्हा थांबला. कागदावरच्या दोन ओळींनी बैठकीला कसे पटेल? तिथे सगळे आकडे घेऊन येणार. काका इकडेतिकडे बघू लागले आणि त्यांची नजर टेबलावर पडलेल्या माझ्यावर आली. “बैठकीलाही लकडीच दाखवू,” ते पुटपुटले.

काकूंनी मांजरपाटाचा तुकडा आणला. पत्र माझ्या अंगाला दोऱ्याने बांधले आणि दाभणाने टाके घालत मला शिवून टाकले. माझ्या जागी फळीवर लोणच्याची रिकामी बरणी गेली. कापडावर काकांनी शाईने डेपोचा पत्ता लिहिला. अक्षर आधी बारीक आले, मग मोठे होत गेले.

आता मी अंधारात होते, पण ऐकू सगळे येत होते. खरडच्या टपालकचेरीत रांग होती. खिडकीवरच्या बाईंनी मला उचलून वजनकाट्यावर ठेवले.

“अंकल जी, इसमें क्या है?”

“लकडी.”

“लकडी?”

“और एक चिट्ठी.”

बाईंनी पत्ता वाचला. त्या भल्या होत्या. म्हणाल्या, की हा डेपो तर इथून बसने गेलात की आलाच. कशाला टपालात घालता? हातोहात देऊन या, आजच पोचेल. किंवा कुणा ओळखीच्याकडे द्या.

 मला ठाऊक होते, ओळखीचा माणूस एकच होता आणि त्याच्या हातून हे पत्र गेले, तर गाडीखाली कोण होता ते उघड होणार होते. आणि स्वतः जायचे, तर तिथे उभे राहून बोलावे लागणार होते. काकांची बोटे कापडावर घट्ट झाली. ते मला परत ओढतात की काय, मला पुन्हा फळीवर जावे लागते की काय, या भीतीने मी कीकराचे लाकूड असूनही आतून हलले.

मित्रांनो, मी टपालाच्या पोत्यात जाण्याआधी एवढे सांगू द्या. तुमची बस कधी थोडी उशिरा आली, तर चालकावर चिडण्याआधी क्षणभर थांबा. कदाचित त्या वेळात कुणीतरी चाकाखालून बाहेर येत असेल. तुम्ही मोठे व्हाल, मोठमोठे पडदे बघाल, त्यांवर लाल आणि हिरवी नावे असतील. लाल नावाच्या माणसाला शिक्षा करण्याआधी त्याला जवळ बसवून विचारा, की बाबा रे, काय झाले? आणि तो म्हणाला ‘काही झाले नाही’, तर तेही नीट ऐकून घ्या. ज्या साध्यासुध्या वस्तू आणि साध्यासुध्या रीती काही होऊ देत नाहीत, त्यांना फळीवर ठेवून पॉलिश करू नका. त्यांना त्यांच्या कामावर राहू द्या.

बैठकीत काय ठरेल, मला माहीत नाही. माझी जोडीदारीण अजून चाकाखाली आहे का, तेही माहीत नाही.

रांगेतल्या कुणीतरी घाई केली. मग काकांचा आवाज आला. तो हळू होता, पण या वेळी ते बुटांकडे बघत नसावेत.

“नहीं जी,” ते म्हणाले. “डाक से ही जाएगी.”

त्यांची बोटे सुटली. बाईंनी मला आपल्याकडे ओढले आणि माझ्या पाठीवर ठप्पकन शिक्का बसला.